कोंबडीच्या रश्शात वाफवलेले गोळे

सोलापूर,
दि. ११ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वहिनी बाळंतपणासाठी माहेरी गेल्यापासून तू दोन्ही वेळा खानावळीचा डबा खातोस, हे वाचून मन खट्टू झाले. म्हणून एकाच पातेल्यात होणारे रात्रीचे जेवण कळवतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात ते घरोघरी करतात आणि त्याला ‘चिकन अँड डम्पलिंग्ज’ म्हणतात. नावाने बिचकू नकोस. माझ्या आईच्या हातच्या वरणातल्या चकोल्या तू कितीदा मागून खाल्ल्यास, त्यांचेच हे लांबचे भावंड आहे. तिकडेही काही घरी पीठ लाटून पट्ट्या कापतात. पण तू एकटा आहेस, तेव्हा चमच्याने सोडायच्या गोळ्यांची रीत लिहितो.

अर्धा किलो कोंबडी हाडांसकट घे, कारण हाडांवाचून रश्शाला चव येत नाही. लोण्यावर कांदा, गाजर आणि ठेचलेला लसूण मऊ कर, मात्र कांदा तांबूस होऊ देऊ नकोस. मग कोंबडी, मीठ, भरडलेली मिरी आणि सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर पाऊण तास शिजव. मांस हाडांपासून सोडवून परत रश्शात टाक आणि चमचाभर मैदा थंड दुधात कालवून त्यात सोड, म्हणजे रस्सा दाटसर होईल. आपला हात सवयीने काळ्या मसाल्याच्या डब्याकडे जातो. मी एकदा घालून पाहिला. रस्सा झणझणीत झाला, परंतु गोळ्यांची दुधाळ, सौम्य चव पार बुडाली. तिखट हवेच असेल तर शेंगाचटणी ताटात वेगळी घे.

गोळ्यांसाठी एक वाटी मैद्यात दीड लहान चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, चमचाभर वितळलेले लोणी आणि सुमारे अर्धी वाटी दूध घाल. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबव. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, पण चपातीच्या कणकेसारखे मळलेस तर गोळे चिवट होतील. रस्सा हलका उकळत असताना त्यावर चमच्या-चमच्याने पीठ सोड, मधे जागा ठेव, घट्ट झाकण लाव आणि पंधरा मिनिटे त्याला हात लावू नकोस.

हे मी कळकळीने सांगतो. गोळ्यांचा खालचा भाग रश्शात शिजतो आणि वरचा केवळ कोंडलेल्या वाफेवर फुगतो. झाकण उचलले की ती वाफ निघून जाते. पहिल्या खेपेस मी दर दोन मिनिटांनी डोकावत राहिलो. गोळा फोडला तेव्हा आत कच्च्या पिठाची पांढरी, चिकट गाठ तशीच होती. आई काही बोलली नाही. तिने झाऱ्याने सगळे गोळे काढून बाजूला ठेवले, डब्यातल्या कडक भाकऱ्या रश्शात चुरल्या आणि सर्वांना वाढले. पुढच्या रविवारी मी झाकणावर खलबत्ता ठेवला, घड्याळ समोर घेतले. गोळे कापसासारखे हलके झाले आणि आईने दोन वाट्या खाल्ल्या.

उरलेले गोळे रात्रभरात सगळा रस्सा पिऊन लगदा होतात, तेव्हा लागतील तेवढेच कर. रस्सा मात्र दुसऱ्या दिवशी भातावर उत्तम लागतो. या रविवारी करून पाहा आणि गोळा आतून कसा निघाला ते सविस्तर लिही. वहिनींची खुशालीही कळव.

तुझाच,
बालमित्र