सुलूस, समुपदेशनाच्या शिक्षणाबद्दल

दापोली

प्रिय सुलू,

तुझं पत्र मिळालं, सोबत त्या तीन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरातही. मुख्याध्यापकांनी समुपदेशनाचं काम तुझ्या गळ्यात घातलंय आणि तू विचारतेस, एवढ्या कोर्सवर भागेल का. नाही भागणार गो. शिक्षिका म्हणून तो जरूर कर. वर्गात गप्प गप्प झालेलं मूल लवकर लक्षात येईल, त्याला पुढे कुणाकडे पाठवायचं तेही कळेल. पण तेवढ्या जोरावर दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू नकोस.

त्यासाठी मानसशास्त्रातलं, समुपदेशनाचं एमए लागतं, ते दोन वर्षांचं असतं. पुस्तकी भाग तुला जड जाणार नाही. कार्ल रॉजर्स, अल्बर्ट एलिस या समुपदेशनाच्या पद्धती घडवणाऱ्या मानसशास्त्रज्ञांचं सगळं वाचून होतं. एलिसची विवेकनिष्ठ पद्धत तर कि. मो. फडक्यांनी मराठीत आणून ठेवलीय. खरी कसोटी लागते ती सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशक आपलं काम तपासतो तेव्हा. आमच्याकडे जोड्या लावून सराव असायचा, एकीने समुपदेशक व्हायचं, दुसरीने क्लायंट. सगळं रेकॉर्ड करायचं आणि घरी जाऊन शब्द न् शब्द उतरवायचा, ‘हं’ आणि ‘अं’सकट, मधे कुठे किती वेळ शांतता होती तेसुद्धा. मग तो कागद मॅडमपुढे ठेवायचा. माझी एक वर्गमैत्रीण बरीच वर्षं शाळेत शिकवून आलेली. समोरची म्हणाली, “घरी जावंसंच वाटत नाही.” ही लगेच, “अगं, आई वाट बघत असेल ना!” मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “हे तिच्यासाठी बोललीस, की तुझ्या जिवाची घालमेल थांबावी म्हणून?” बाई एकदम गप्प. मास्तरकी अंगातून जायला वेळ लागतो, आणि तू तर चौथीत असल्यापासून आम्हाला ओळीने बसवून शिकवायचीस!

म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला नीट विचार, प्रत्यक्ष माणसांसमोर किती तास बसवतात आणि सुपरव्हिजन कोण घेतं. अमेरिकेत केक्रेप ही संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या नियमाने ६० क्रेडिट लागतात. आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा पहिला सराव, त्यातले ४० क्लायंटसमोर, आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले २४० क्लायंटसमोर. आपल्याकडे विद्यापीठागणिक वेगळा कारभार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, बाकी बहुतेकांना विचारणारं कुणी नव्हतं. २०२१ च्या कायद्याने डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला, त्यात आता मानसशास्त्राची मंडळीही येतात. त्याच कायद्याचा आधार घेऊन यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षणाने प्रवेश बंद केले. म्हणजे देवगडात बसून पोस्टाने एमए करायचा तुझा बेत बारगळला. कलिन्याचं मुंबई विद्यापीठ म्हण, देवनारची टाटा इन्स्टिट्यूट म्हण, दोन वर्षं घर सोडावं लागेल. भावोजींशी आत्ताच बोलून घे.

मात्र एक गोष्ट मुंबईत कुणी शिकवत नाही, ती म्हणजे गावात गुपित कसं राखायचं. तिथे माणूस बोलून लोकलमध्ये चढला की पुन्हा दिसत नाही. इथे त्याची आजी मला मासळी विकते आणि त्याचा काका शाळेत क्लार्क असतो. शाळेने मला खोली दिली ती स्टाफरूमला लागून. तिथे एखादा पोरगा पाच मिनिटं बसला की संध्याकाळी रिक्षावाला विचारणार, “मॅडम, अमक्याच्या झिलान काय केल्यान?” शेवटी मी हजेरीपटाप्रमाणे अख्ख्या वर्गाला एकेक करून बोलवायला लागले, हुशार-ढ सगळ्यांना. त्यामुळे ज्याला पुन्हा यायचंय तो उठून दिसत नाही. बाजारात कुणी पालक भेटले तर आपण होऊन ओळख दाखवत नाही. एक-दोन जणी मला शिष्ट म्हणतात, म्हणोत. तुलाही माझ्याकडच्या मुलांबद्दल काही लिहिणार नाही. दोन खुणा सांगितल्या तरी दापोलीपासून देवगडपर्यंत कुणीतरी ओळखेलच.

पण गुपिताला मर्यादाही आहे, आणि ती मुलाला पहिल्याच भेटीत सांगायची. जिवाला धोका असेल, किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर गप्प बसता येत नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा. दहावीच्या निकालात कोकण मंडळ पहिलं येतं म्हणून आपण मिरवतो. त्याच अभिमानापोटी ‘शाळेचं नाव जाईल, आतल्या आत मिटवा’ म्हणणारे तुलाही भेटतील. त्यांच्यापुढे कलमाचा आकडा तोंडपाठ असलेला बरा.

आणि स्वतःच्या वर्गाचं समुपदेशन घेऊ नकोस. जिच्या गणिताच्या पेपरावर तू लाल पेन चालवतेस, ती तुझ्यापुढे मन काय मोकळं करणार? शेजारच्या शाळेतल्या बाईंशी अदलाबदल करता येते का बघ.

शाळेबाहेरचं काम मला जास्त आवडतं, खरं सांगायचं तर. जून-जुलैची मासेमारी बंदी लागली की होड्या वर ओढलेल्या, हातात पैसा नाही, आणि बायका महिला समुपदेशन केंद्रावर येतात. पुष्कळ जणी आधी देवाला गाऱ्हाणं घालून, कौल लावून आलेल्या असतात. त्याला मी हसत नाही. कौल काय मिळाला ते विचारते, कारण घरात नेमकं काय घडतंय ते त्या उत्तरातच असतं. मात्र कानात आवाज येतात, जीव द्यावासा वाटतो, असं कुणी म्हटलं की ते आपल्या आवाक्यातलं नाही. मग रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर तर शाळेच्या फळ्यावर आजच लिही, मराठीतूनही बोलतात.

पैशाचं विचारलंस. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो, तिथे बरं मिळतं. सरकारी दवाखान्यातल्या जागा बहुतेक कंत्राटी. श्रीमंत होणार नाहीस.

कॉलेजशी बोललीस की सुपरव्हिजन घेणाऱ्या बाईंचं नाव कळव, मी चौकशी करते. काकूंना नमस्कार. गणपतीत आमच्याकडे येणार आहेस ना? मोदक तूच वळायचे आहेत, माझ्या कळ्या अजून फुटतात.

तुझी,
मेधा