शांते, आधी मागायचं की आधी सोडायचं?

नगर

प्रिय शांते,

सलाम.

फोनवर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिते. फोनवर तू रडशील, मग मी रडेन, आणि आतल्या खोलीतून अशोक ओरडेल, "कोण गेलं?" माझी तब्येत बरी, गुडघे कुरकुरतात, साखर हद्दीत आहे.

जुळली नाही गं. नणंदेची किडनी जुळली नाही. रक्तगट तोच, तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या, तिने रजासुद्धा टाकली होती. शेवटच्या क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे दोघांचं रक्त जुळवून बघतात त्यात, अशोकच्या रक्तात तिच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज निघाल्या. बसवली तर शरीर लगेच नाकारेल, म्हणाले. पूर्वी रक्त चढवलं असेल तर असं होऊ शकतं. आता पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृतांचे दान केलेले अवयव वाटून देणाऱ्या समितीच्या, यादीत नाव घातलंय, आणि तोवर आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस.

पण लिहायचं ते वेगळंच. बुधवारच्या घरसभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. मी प्रार्थनेत म्हणाले, प्रभू, आम्हाला किडनी हवी आहे, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आमेन झाल्या झाल्या ते म्हणाले, "बाई, इच्छेचं पुढे जोडलंत तिथेच तुमचा विश्वास संपला. बरा झाला असं म्हणा आणि ती मशीन बंद करा." अशोक समोरच बसला होता, हाताला पट्टी. कुणी काही बोललं नाही. शेवटी आत्या उठल्या आणि त्यांनी त्यांची ती लांबलचक प्रार्थना सुरू केली. चहा गार झाला, पण त्या माणसाला पुन्हा तोंड उघडायला जागा मिळाली नाही. आत्यांना शंभर वर्षं आयुष्य मिळो!

तुला हे कळेल. बाळू आयसीयूत होता त्या वेळी तुलाही हेच ऐकवलं होतं. तेव्हा तू गायनमंडळ सोडलंस आणि आपलं ते मोठं भांडण झालं. मी म्हणायचे, देवाच्या हातात सोड. तू म्हणायचीस, सोडणारे आधी मागतच नाहीत, नाही मिळालं तर देवाची अब्रू जाईल म्हणून भितात. माझी गाण्याची वही त्या रागात ठेवून घेतलीस ती अजून तुझ्याकडेच आहे, लक्षात असू दे.

आता वाटतं, दोघींचं अर्धं अर्धं खरं होतं. गेथशेमानेत येशूने आधी मागितलंच ना? पालथं पडून, हा प्याला टळू दे म्हणून, तीन वेळा. आणि त्याच प्रार्थनेत पित्याची इच्छा. त्या प्रचारकांच्या हिशेबाने तिथेही विश्वास संपला म्हणायचा का? पौलाचे रुमाल नेऊन लोक बरे होत, पण त्याचा स्वतःचा काटा तीनदा विनवूनही निघाला नाही, आणि सोबतच्या त्रफिमाला मिलेत गावात आजारीच ठेवून त्याला पुढे जावं लागलं. तीमथ्याला तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं त्याने लिहून कळवलं. म्हणजे औषधच की! आणि आपण केडगावला शिबिराला जायचो तिथल्या पंडिता रमाबाई. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना ज्या बाईने प्रार्थनेवर सांभाळलं, तिची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. आईने मागितलं नसेल? त्यानंतरही त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या, आणि १९२२ च्या एप्रिलात स्वतः गेल्या. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे?

रात्री तो झोपला की मी त्याच्या डाव्या मनगटावर बोटं ठेवते. तिथे डायलिसिससाठी शिरा जोडून केलेला फिस्टुला आहे, तो चालू असला की कातडीखाली शिवणयंत्रासारखी घरघर लागते. ती थांबली तर तडक या, असं सांगितलंय. तिथे बोटं ठेवूनच प्रार्थना करते. आधी मागते, स्पष्ट मागते, रक्तगटसुद्धा सांगते. आणि तिथेच अडते, शांते. यादीतली किडनी म्हणजे कुठल्या तरी घरात कुणाचा तरी मेंदू मृत झालेला. मी मागते ते काय मागते? देवाने कुणाच्या तरी मुलाला रस्त्यात गाठावं, असं? ते तोंडातून निघत नाही. मग म्हणते, बापा, कुणाचं काय व्हावं हे मी सांगणार नाही, ते तुझं. पण ज्या घरावर ती रात्र येईल त्या घराला आत्तापासून धर.

हे कुणाशी बोलू? पाळकसाहेब भले आहेत, पण ते लगेच वचन काढून देतात. तू बाळूच्या दोन्ही किडन्या दिल्यास. आयसीयूच्या दारात तुझी आई भिंतीला टेकून बसली होती आणि तू उभ्यानेच सही केलीस. ज्यांना त्या मिळाल्या त्या घरातही कुणीतरी माझ्यासारखंच मागत बसलं असेल. तेव्हा तुला त्यांचा राग आला होता का गं? की थोडा आधार वाटला? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. राग आला असेल तर तेही लिही. मी तशीही मागणारच आहे, पण कळलं म्हणजे कसं मागायचं ते ठरेल.

पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर, त्यात चहाही आला. अशोक बर्फाचा खडा तोंडात धरून बातम्या बघतो आणि विरघळला की माझ्याकडे बघतो. दुसरा देत नाही. देवाने त्याचा स्वभाव मात्र गोड ठेवलाय, तेवढ्याचे रोज आभार मानते.

तुझ्या धाकटीच्या बारावीचं काय झालं? जावयाची बदली रद्द झाली का? आईंना माझा सलाम सांग, आणि घराच्या कागदपत्रांचं दिराच्या भरवशावर ठेवू नकोस. नाताळात येशील तेव्हा डायलिसिसचा वार सोडून ये, त्या दिवशी तो थकलेला असतो. आणि येताना केळी, नारळपाणी काही आणू नकोस, पोटॅशियम चालत नाही. वही आण.

तुझीच,
मंगल