बाबांच्या औषधांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

उद्यापासून संध्याकाळची औषधं मावशी देणार. घोटाळा होतो तो अशा अदलाबदलीतच: एकीने दिलेली गोळी दुसरीला माहीत नसते, आणि तीच पुन्हा पोटात जाते. म्हणून जी गोळी काढेल तिनेच ती द्यायची, बाबांनी गिळली हे बघायचं आणि मगच वहीत वेळ, औषध, मात्रा लिहायची. आधी खूण करून ठेवायची नाही. नको म्हणाले, उलटी झाली, तर तेही लिहायचं. आई, वाटीत काढून ठेवायची तुझी सवय मात्र सोड. पाकिटाबाहेरची गोळी कशाची ते कुणालाच सांगता येत नाही.

पाकिटावरच्या ठळक नावावर जाऊ नका, खाली बारीक अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळवा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. तापाची गोळी वेगळी दिली की ते दुप्पट होतं.

गिळायला जड जातं म्हणून गोळी कुटायची नाही. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर असेल तर दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटल्यावर एकदम अंगात उतरतं. पातळ औषध मिळतं का, डॉक्टरांना विचारा. ते मापाच्या सिरिंजनेच द्यायचं, घरातले चमचे एका मापाचे नसतात. बाबांना ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. कॅल्शियम त्यानंतर 4 तासांनी.

सगळ्यात जपायचं ते इन्सुलिनला. बाटलीवर 40 (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. 100 च्या बाटलीतलं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये 10 च्या रेघेपर्यंत भरलं, तर जातात 25 युनिट, म्हणजे अडीचपट. आधी साखर तपासायची, जेवण तयार आहे ना बघायचं, मगच सुई. जागा रोज थोडी बदला, एकाच ठिकाणी टोचलं की गाठी होतात आणि औषध नीट शोषलं जात नाही.

एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दोन देऊ नका. डॉक्टरांना फोन करा.

बाबा, गोळी हातात आली की "ही कशाची?" असं विचारत जा. उत्तर अडखळलं तर वही येईपर्यंत तोंड उघडू नका.

तुमची,
धाकटी