आखाजीला येतोय, तोवर जोडी विकू नका

मलाकाल, दक्षिण सुदान

तीर्थरूप बाबा आणि माय यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं "बठ्ठं बरं शे ना?" इथून सुरू होतं आणि तिथंच संपतं. एक तर लाइन तुटते, नाहीतर मायचा गळा भरून येतो आणि मग मलाच पुढं बोलवत नाही. म्हणून या वेळी कागद घेतला. आमच्या शांतिसेनेच्या तुकडीचा पहिला जथा उद्या दिल्लीला निघतोय. त्यातला साताऱ्याचा एक पोरगा हे पत्र तिथं पोस्टात टाकील, म्हणजे माझ्या आधी ते घरी पोहोचेल. पोहोचायलाच हवं, कारण त्यात एक काम आहे.

बाबा, अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या आत बैलांची जोडी विकू नका.

सालदाराचं साल आखाजीला फिटतंय, पुढचं साल तो धरणार नाही, सुरतला मुलाकडे जाणार आहे, हे सूनबाईनं सांगितलं. दलाल दोनदा येऊन बैलांचे दात पाहून गेला, हेही सांगितलं. "आते माले झेपत नही," असं तुम्ही म्हणालात म्हणे. तुमचे गुडघे मला ठाऊक आहेत. पहाटे उठून वैरण टाकणं, शेण काढणं, दोन्ही वेळा पाण्यावर नेणं, हे या वयात काय असतं तेही ठाऊक आहे. विकायला काढलीत त्यात तुमचं काही चुकलं नाही. गावात आता बैलजोड्या राहिल्यात तरी किती? तरीही माझ्यासाठी थांबा. का, ते सांगायचं तर इथलं थोडं सांगावं लागेल.

मलाकाल हे पांढऱ्या नाईलच्या काठचं शहर. नदी आपल्या तापीपेक्षा कितीतरी रुंद, संथ, वरून जलपर्णीचे हिरवे पुंजके वाहत असतात. आल्यावर पहिल्यांदा मी माती पाहिली. काळीभोर, थेट आपल्या तापीकाठच्या शेतासारखी. उन्हाळ्यात पंजा आत जाईल अशा भेगा पडतात आणि पाऊस लागला की बुटाला गोळेच्या गोळे चिकटतात. मग रस्ते बंद, गाड्या रुतलेल्या, जे यायचं ते नदीनं नाहीतर हेलिकॉप्टरनं.

आणि माय, ही माणसं ज्वारी खातात. पीठ आंबवून ते तव्यावर इतकं पातळ पसरतात की मला तुझे खापरावरचे मांडे आठवले. त्याला किसरा म्हणतात. आमचे मेजर साहेब सांगतात की ज्वारी मुळात याच भागातली, आफ्रिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातून हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. म्हणजे आपल्या दादर ज्वारीचं हे आजोळ. पण इथं ती मदतीच्या गोण्यांतून येते. आमच्या तळाला लागूनच विस्थापितांची छावणी आहे. हा देश 9 जुलै 2011 ला स्वतंत्र झाला आणि 2013 च्या डिसेंबरात आपसात युद्ध पेटलं. 2014 मध्ये तर हे शहर कितीदा तरी या हातातून त्या हातात गेलं. तेव्हा जीव वाचवायला कुंपणाच्या आत आलेली माणसं, 2018 चा करार होऊनही, अजून तिथंच आहेत. छावणीत जन्मलेली पोरं आता शाळेत जातात, त्यांनी घरच्या रानातली पेरणी पाहिलेली नाही. जमीन अशी, शेजारी नदी अशी, आणि हातात रेशनचं कार्ड. शेतकऱ्याच्या पोराला हे बघवत नाही. बंदुकीचा आवाज ऐकून जितकं वाईट वाटलं नाही, तितकं त्या पडीक रानाकडे बघून वाटलं.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी आणि बाकी सगळं मेरठला शिकलो तेच, जनावरांचा दवाखाना. इथं जनावर म्हणजे माणसाची सगळी पत. लग्न गायी देऊन होतं, भांडण मिटवायचं तर गायी देऊनच मिटतं. पोराला घरच्या बैलाच्या रंगावरून नाव पडतं. गोठे नाहीत. उघड्यावर खुंट्यांना जनावरं बांधतात, रात्री शेण्या पेटवून धूर करतात आणि ती राख माणसं आपल्या अंगाला आणि जनावरांच्याही अंगाला फासतात, माश्या-डासांसाठी. शिंगं अशी लांब की आपल्या गोठ्याच्या दारातून तो बैल आत यायचा नाही.

इथल्या नुएर जमातीचा एक म्हातारा बाबा आपला बैल घेऊन आला होता. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे. मागच्या फऱ्यावर मोठी जखम, त्यात अळ्या पडलेल्या. बैल कोणालाच जवळ येऊ देईना. दोर टाकून पाडावा लागला. दोर कसा टाकायचा हे मेरठला शिकवतात, पण माझा हात त्याआधीच बसला होता, बाबा, तो तुमच्यापाशी. छातीवरून एक वेढा, पोटावरून एक, आणि मागून हळूहळू ओढत न्यायचं, झटका द्यायचा नाही. बैल बसला तसा म्हातारा त्याच्या डोक्याशी उकिडवा बसून गुणगुणायला लागला आणि मी चिमट्यानं एकेक अळी काढून, टर्पेंटाइनचा बोळा भरून, जखम धुऊन घेतली. मध्येच माझा हात सवयीनं बैलाच्या मानेवर गेला, जुवाचा घट्टा बघायला. घट्टा नव्हता. यांचे बैल जू ओढतच नाहीत.

मग रोज ड्रेसिंगला तो यायचा. दुभाष्याकरवी बोलायचो. कळप मोठा होता, एका रात्रीत लुटारूंनी हाकून नेला, भाचा त्यात मारला गेला, हा एक बैल तेवढा राहिला. छावणीबाहेर तो त्याला बांधतो आणि दिवसभर तिथंच बसून असतो. त्यानं मला विचारलं, तुझ्या घरी किती? मी म्हटलं, दोन. त्याला वाटलं दुभाष्याचं चुकलं. पुन्हा विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काही बोलला नाही. मी मोबाइलवर आपल्या जोडीचा फोटो दाखवला, पोळ्याचा, शिंगं रंगवलेला, झूल घातलेला. त्यानं तो मोठा करून करून पाहिला. तांबड्या अंगावरचे पांढरे शिंतोडे त्याला फार आवडले. मी सांगितलं, हे निमाडी, सातपुड्यापलीकडचे. ते जमीन नांगरतात आणि वर्षातून एक दिवस त्यांना कामाला जुंपत नाही, पुरणपोळी खाऊ घालून पूजा करतो. हे ऐकून म्हातारा खूश झाला. जखम भरल्यावर शेवटच्या दिवशी त्यानं माझ्या डोक्यावर थुंकीचा शिंतोडा उडवला. माय, तू दचकू नकोस, त्यांच्यात वडीलधारी माणसं असाच आशीर्वाद देतात. मी वाकून घेतला.

2022 च्या पावसाळ्यात आपल्या जळगाव जिल्ह्यात जनावरांवर लम्पीची साथ आली तेव्हा मी लांब होतो. तुम्ही दोघं रात्र रात्र गोठ्यात बसून कडुलिंबाच्या पाण्यानं जनावरं पुसत होता. मोऱ्या गेला, त्याला बांधावर पुरलात, आणि त्याच्या जागी हा धाकटा आणून पुन्हा जोडी लावलीत. फोनवर मला एवढंच सांगितलंत, "एक गया, दुसरा लयना." तेव्हा मला हे एवढंसं वाटलं होतं. त्या म्हाताऱ्याशेजारी बसलो तेव्हा कळलं की तुम्ही काय केलं होतंत.

आणखी एक. 2023 च्या एप्रिलात शेजारच्या सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हापासून, पूर्वी तिकडे गेलेली इथली माणसं परत येताहेत. सीमेवरच्या रेंकहून नदीनं, मोठ्या तराफ्यांसारख्या बोटींतून मलाकालला उतरतात. मी धक्क्यावर बंदोबस्ताला होतो. खाटा, पत्रे, गाद्या, एकाच्या काखेत शेळीचं करडू. वीस-तीस वर्षं खार्टुममध्ये काढलेली माणसं आपल्या गावी येताहेत आणि गावात कोणी ओळखीचं नाही. एक आजी आपल्या जुन्या मोहल्ल्याचा पत्ता विचारत होती. तिथं आता दुसरंच कुटुंब राहतं, हे तिला सांगायला कोणी धजत नव्हतं. शेवटी एका पोलीसबाईनं सांगितलं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग निदान झाडं आहेत का?

त्या दिवसापासून माझ्या मनात जे घोळत होतं ते आता लिहूनच टाकतो. पेन्शनीची वर्षं माझी केव्हाच भरलीत. एक्सटेन्शन घ्यायचं नाही, असं मी ठरवलंय. मेरठला हजर झालो की कागद टाकणार. सुटेपर्यंत काही महिने जातील, पण पुढच्या आखाजीला सुट्टीवर नाही, कायमचा घरी असेन. फौजेवर नाराज होऊन नाही. फौजेनं मला खूप दिलं, इथं निळ्या टोपीत उभं राहताना छाती भरून येते. मेडल परेडच्या दिवशी, 2013 च्या एप्रिलात इथल्याच जोंगलेई प्रांतात ताफ्यावर हल्ला झाला तेव्हा गेलेल्या आपल्या पाच जवानांची आठवण मनात होती. मी धडधाकट परत येतोय. ज्याला परतायला घर आहे, शेत आहे, दाराशी जोडी आहे आणि वाट बघणारे आई-बाप आहेत, त्यानं ते सगळं असताना परतावं, असं मला वाटतं.

म्हणून जोडी थांबवा. मधल्या वर्षाचं मी पाहून ठेवलंय. दोन महिन्यांची छुट्टी आहे. नांगरट, वखरणी, पेरणी माझ्या हातानं होईल. पुढं मामाचा धाकटा यायला तयार आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. मिशनचे पैसे साठलेत. त्यातून आधी सोसायटीचं कर्ज मिटवू. मग गव्हाण कमरेएवढी उंच बांधून घेऊ, म्हणजे बाबांना वैरण टाकायला वाकावं लागणार नाही, आणि विजेवरची कडबाकुट्टी बसवू. गोठ्याचे पत्रे बदलायचे की कौलंच ठेवायची ते बाबा ठरवतील.

माय, तुझ्या मोतीबिंदूच्या डोळ्याचं औषध संपलं की नाही ते सूनबाईला नीट विचार, आणि चुलीपाशी बसू नकोस. आखाजीला ताई येईलच. घागर मी आल्यावरच भरा, आजोबांच्या नावाचं पाणी या वर्षी मला घालायचंय. सांजोऱ्या ताईलाच करू दे.

दिल्लीहून झेलम एक्सप्रेस धरीन, भुसावळला उतरीन. उन्हात कोणी स्टेशनवर येऊ नका, मी येतो बरोबर. सालदारदादाचा हिशोब मात्र मी आल्यावर करा. इतकी वर्षं जोडी त्यानंच सांभाळली. ठरल्या रकमेवर एक पोतं दादर आणि त्याच्या घरधनिणीला लुगडं, हे मला माझ्या हातानं द्यायचंय. दलाल पुन्हा आला तर त्याला चहा पाजा आणि सांगा, पोरगा येतोय.

तुमचा,
भाऊ