बाबा काल बाहेर जेवले

ठाणे
रविवार, 19 जानेवारी 2025

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री बाबा बाहेर जेवले. चारचौघांत बसून, केळीच्या पानावर, पोटभर. फोनवर सांगता आलं असतं, पण बाबा शेजारच्या खोलीत असताना त्यांच्याबद्दल इतकं बोलणं जमलं नसतं. म्हणून कितीतरी वर्षांनी कागद पुढे ओढला.

जूनमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू हैदराबादहून धावत आलास, अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकड्यावर माझ्यासोबत दोन रात्री काढल्यास. पुढचं तुला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. वाचा परत आली, काठी घेऊन घरात फिरू लागले. सुरुवातीला पाणीसुद्धा दाट करून द्यावं लागायचं, ठसका लागू नये म्हणून. नंतर गिळण्याची तपासणी झाली आणि पातळ पदार्थांना परवानगी मिळाली. उजवा हात मात्र आला नाही. खांद्यातून हलतो, मूठ अर्धी वळते, पण घास उचलत नाही. बाबा डाव्या हाताने जेवायला शिकले. एवढं तुला ठाऊक आहे. तुला सांगितलं नव्हतं ते असं की, या सात महिन्यांत घरी आमच्यासोबत ते एकदाही जेवायला बसले नाहीत.

ताट त्यांच्या खोलीत जायचं. आई ठेवून बाहेर यायची, दार लोटून घ्यायची. अर्ध्या तासाने रिकामं ताट दाराशी. मला वाटायचं, सांडलवंड होते म्हणून संकोचतात. मग एकदा आई म्हणाली, "सांडण्याचं नाही रे. डाव्या हाताने जेवतोय, हेच त्यांना सहन होत नाही."

तुला आठवत असेल. आपण चौथीत होतो. तू आमच्याकडे जेवायला बसला होतास आणि डाव्या हाताने पोळी मोडलीस. बाबांनी तुझ्या मनगटावर चापट मारली, "डावा हात पानाला लावायचा नाही." तुझे डोळे भरून आले होते. तेच बाबा आता रोज दोन्ही वेळा तेच करत होते आणि त्यासाठी स्वतःला क्षमा करत नव्हते.

त्यात नोव्हेंबरमध्ये नात्यातलं एक लग्न झालं. मीच आग्रहाने नेलं त्यांना. पंगतीत समोर बसलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, हे काय, डाव्या हाताने?" बाबांनी हातातला घास पानात परत ठेवला, दोन घोट पाणी प्यायले आणि उठले. त्या गृहस्थांना बाबांच्या आजाराची कल्पना नसेल, असं आई म्हणते. असेलही तसं. मला अजून त्यांचं तोंड बघावंसं वाटत नाही.

आणि आमची लेक जन्माची डावखुरी. चमचा धरायला लागली तेव्हापासून बाबा तो तिच्या डाव्या हातातून काढून उजव्यात देत आले. ती पुन्हा डाव्यात घ्यायची. बायकोच्या हे फार मनाला लागायचं, त्यावरून घरात शब्दाला शब्दही लागले आहेत. झटका आल्यापासून बाबांनी तिला टोकणं बंद केलं. पण नातीशेजारी ताट घेऊन बसणंही बंद झालं.

काल आईची पंच्याहत्तरी होती. मोठ्या हॉटेलात जेवायचं, केक आणायचा असे बेत आम्ही करत होतो. आई म्हणाली, "मला माटुंग्याला न्या. यांच्या रामा नायककडे."

म्हणजे स्टेशनसमोरचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. ए. रामा नायक यांनी 1942 साली काढलेलं. बाबा 1963 ते 1967 व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिकत होते, म्हणजे आताची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था (व्हीजेटीआय). कोकणातून आलेला, मुंबईत कुणी जवळचं नसलेला मुलगा. घरून मनिऑर्डर आली की त्या दिवशी मेसला सुट्टी आणि माटुंगा स्टेशनपर्यंत पायपीट. आमच्या घरात या बोर्डिंगच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या आहेत, त्यातल्या निम्म्या तूही ऐकल्या असशील. दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी माणसं तेव्हा माटुंग्यात राहायची, त्यांच्यासोबत एका टेबलावर बसून बाबा रस्सम प्यायला शिकले. आजीच्या हातच्या कढीनंतर त्यांना आपलंसं वाटलेलं मुंबईतलं ते पहिलं अन्न.

अर्थात बाबा नाही म्हणाले. आई शांतपणे म्हणाली, "मग मीही खिचडी टाकते." तासाभराने बाबांनी खोलीतून विचारलं, "माझा निळा सदरा इस्त्रीचा आहे का?"

टॅक्सीने गेलो. माटुंग्यात उतरल्याबरोबर मोगऱ्याचा वास आणि कुठूनतरी ताज्या दळलेल्या कॉफीचा. बाबा काठीवर रेलून क्षणभर उभे राहिले, काही बोलले नाहीत. बोर्डिंग पहिल्या मजल्यावर आहे आणि मला खरी धास्ती जिन्याचीच होती. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी शिकवलंय की चढताना चांगला पाय आधी टाकायचा, उतरताना कमजोर पाय आधी. लेक पुढे उभी राहून प्रत्येक पायरीला "डावा... आता उजवा" म्हणत होती. मागून येणारी माणसं थांबली, कोणी घाई केली नाही.

कूपन घेतलं, थोडं थांबलो, नंबर आला. बाबा भिंतीकडची खुर्ची मागत होते, पाठमोरं बसता यावं म्हणून. ती मिळाली नाही. टेबलाच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा जागी त्यांना बसावं लागलं. लेक त्यांच्या शेजारी. पानं आली, शेंडा डावीकडे. बाबांनी डाव्या हाताने पाणी शिंपडून पान पुसलं. उजवा हात मांडीवर, रुमालाखाली. घरीही तो तसाच असतो.

मग वाढप सुरू झाली. भाज्या, पुऱ्या, पापड, सांबार. माझं लक्ष जेवणात नव्हतंच. बाबांनी पुरीला हात लावला नाही, आजूबाजूला बघत राहिले. वाढपी भात घेऊन आला. पन्नाशीचा असेल, केस पिकलेले, बोलणं अगदी कमी. माझ्या पानावर त्याने भात मधोमध वाढला. आईच्या, बायकोच्याही. बाबांच्या पानावर तो डाव्या बाजूला वाढला, डाव्या हाताच्या अगदी बेतात. पळीच्या पाठीने दाबून भाताला खोल आळं केलं, रस्सम ओघळून अंगावर येऊ नये म्हणून कड चांगली उंच केली, आणि मगच रस्सम ओतलं. मग लेकीकडे वळला. तिच्या डाव्या हाताला पुरीचा तुकडा होता. तिचाही भात डावीकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "आपल्या दोघांचाच भात एका बाजूला आहे!"

वाढपी पुढच्या टेबलावर पोचलाही होता. त्याने हे मुद्दाम केलं की वर्षानुवर्षांच्या सवयीने हातून आपसूक झालं, मला माहीत नाही. पण बाबांनी आधी आपलं पान बघितलं, मग तिचं. आणि हात घातला.

पहिले दोन घास तर्जनी नि मधल्या बोटातून निसटले. लेकीने ते पाहिलं. "असं नाही, अंगठ्याने मागून ढकलायचं," म्हणत तिने एक घास करून दाखवला. बाबांनी तिच्या हाताकडे नीट बघून तसाच घास केला. गेला तोंडात, अखंड. मित्रा, माझ्या बाबांना मी कोणाकडून काही शिकून घेताना आयुष्यात बघितलं नव्हतं. तिने परत दाखवलं, त्यांनी परत केलं. मग पापड डाव्या मुठीत चुरून भातात कालवायला त्यांनी तिला शिकवलं. पहिला भात सांबाराचा, दुसरा रस्समचा, तिसरा दह्याचा, आणि या क्रमात बदल नाही, हेही सांगितलं. या वाढप्याने सुरुवातच रस्समने केली म्हणून त्यांनी परत सांबारभात मागून घेतला! दोघांनी मिळून किती भात संपवला, ते मी मोजलं नाही.

आई फारशी जेवली नाही. ती बघतच बसली होती. दहीभात आला तेव्हा मला कोपराने खुणावलं. बाबांचा उजवा हात रुमालातून बाहेर येऊन टेबलावर, पानाच्या कडेला होता. बोटं थोडी वळलेली. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. लेकीने बोलता बोलता त्या हाताखाली पानाचा वाऱ्याने उचलणारा कोपरा सरकवला, वजन म्हणून.

उतरताना बायको त्यांच्या पुढे, मी मागे. चौथ्या पाचव्या पायरीवर बाबा थांबले. मला वाटलं दम लागला. ते तिला म्हणाले, "सूनबाई, हिला मी उगाच बोललो इतकी वर्षं." बायकोला काही बोलता येईना. तिने त्यांचा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "उजवा पाय आधी, बाबा." खाली येईपर्यंत तिचा हात तसाच होता.

आज सकाळी आई पोह्यांची बशी घेऊन त्यांच्या खोलीत गेली तर खोली रिकामी. बाबा स्वयंपाकघरात टेबलाशी, लेकीच्या शेजारची खुर्ची ओढून बसलेले. "इकडेच दे," म्हणाले. पोहे बरेच सांडले. लेकीचेही सांडले. आईने फडकं आणून दोघांच्या मधे ठेवलं.

मनगटावरच्या त्या चापटीचं मी आज त्यांना आठवून दिलं. त्यांना ती चांगली लक्षात आहे. खूप वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्याला बोलव. मला त्याला जेवायला न्यायचंय." त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी पत्र लिहायला बसलो. फेब्रुवारीत तुझी मुंबईची खेप आहे ना? एक संध्याकाळ रिकामी ठेव. फक्त सोमवार नको, सोमवारी बोर्डिंग बंद असतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा शेजारी