केसपेपरवर चालीचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२३ च्या मार्चमध्ये एच३एन२ इन्फ्लुएन्झाची साथ होती, तेव्हा माझ्या एक्याऐंशी वर्षांच्या आईला पुण्यातील एका रुग्णालयात नऊ दिवस ठेवावे लागले. केसपेपरवर वय, रक्तदाब, मधुमेह, आधीच्या शस्त्रक्रिया असे सगळे विचारून झाले. आजारी पडण्यापूर्वी ती काय काय करत होती, हे मात्र कोणी विचारले नाही. ती रोज सकाळी दोन जिने उतरून दूध आणत असे. शेजारच्या खाटेवरील बाई तिच्याहून तेरा वर्षांनी लहान होत्या, परंतु सहा महिन्यांपासून त्यांना आंघोळीलाही आधार लागत होता, असे त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितले. त्या बाई पाचव्या दिवशी गेल्या.

एका वॉर्डातल्या दोन खाटांवरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य आहे. परंतु कोरोनाच्या पहिल्या लाटेत ब्रिटनमधील दहा आणि इटलीतील एका रुग्णालयात दाखल झालेल्या १,५६४ रुग्णांचा जो अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असेच दिसले होते. रुग्ण वाचेल की नाही, याचा अंदाज नुसत्या वयावरून किंवा सोबतच्या व्याधींवरून बांधण्यापेक्षा त्याच्या दुर्बलतेवरून, डॉक्टर जिला ‘फ्रेल्टी’ म्हणतात तिच्यावरून, अधिक नेमका येत होता. वय आणि व्याधी हिशेबात धरूनही, अतिदुर्बल रुग्णांच्या मृत्यूचा धोका धडधाकट रुग्णांच्या दुपटीहून अधिक होता.

त्यासाठी वापरलेले मोजमाप कॅनडातील डलहौसी विद्यापीठात तयार झालेले आहे. एक म्हणजे ठणठणीत आणि नऊ म्हणजे आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेला, अशी ती श्रेणी आहे. त्याला यंत्र लागत नाही की रक्ततपासणी. बाजारहाट, पैशांचे व्यवहार, जिना, आंघोळ यांपैकी काय स्वतःचे स्वतः जमत होते, एवढेच विचारायचे. तेही आजारापूर्वीच्या, साधारण दोन आठवड्यांमागच्या स्थितीबद्दल, कारण तापात तर पैलवानही आडवा होतो. हा प्रश्न रुग्णासोबत राहणाऱ्याला विचारावा. बंगळुरूहून धावत आलेला मुलगा ‘आई सगळे स्वतःच करते’ असे मनापासून सांगतो आणि ते दोन वर्षांपूर्वीचे असते.

या आकड्याचा दुरुपयोगही होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने अतिदक्षता विभागाबाबतच्या निर्णयांत ही श्रेणी वापरण्याची सूचना काढली आणि अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतल्यावर पाचच दिवसांत तिच्यात दुरुस्ती केली. पासष्टच्या आतील व्यक्तींना, तसेच दीर्घकाळ स्थिर अपंगत्व असलेल्यांना ती लावू नये, असे स्पष्ट करावे लागले. दुप्पट धोका म्हणजे ठरलेला मृत्यू नव्हे. खाट नाकारण्याचे निमित्त म्हणून कोणी हा आकडा मागत असेल, तर तो न लिहिलेलाच बरा.

माझी तक्रार निराळीच आहे. आई पडेल या भीतीने पहिल्याच रात्री तिला लघवीसाठी कॅथेटर घातला, पुढे डायपरही आला. ऑक्सिजन निघाल्यावरही तिला खाटेखाली उतरवले गेले नाही. आठव्या दिवशी मी आणि वॉर्डातल्या मावशींनी मिळून तिला कमोडवर बसवले, तेव्हा तिला उठताच येईना. गुडघ्यांवर हात टेकून ती दोनदा अर्धवट उठली आणि परत बसली. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता केवळ पायांतील मांसल भाग जवळजवळ एक किलोने घटला होता. आईला तर वर ताप होता आणि जेवण जात नव्हते. विषाणूतून ती वाचली; डिस्चार्ज मात्र व्हीलचेअरवरून मिळाला आणि फिजिओथेरपिस्टचे नाव आम्हाला कागदावर नव्हे, लिफ्टपाशी एका परिचारिकेकडून कळले.

पासष्टीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर ‘दोन आठवड्यांपूर्वी कसे चालत होता’ हा एक रकाना असावा. तो भरला असता, तर दोन जिने चढणाऱ्या बाईला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवण्याचे कोणाच्या तरी मनात आले असते. डिस्चार्जच्या कागदावरही तोच रकाना पुन्हा भरावा, म्हणजे काय गमावले ते घरच्यांना त्याच दिवशी कळेल.

आपला,
एक वाचक, पुणे