कालव्याचा दुसरा काठ पळणाऱ्यांना द्या : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आमची पळण्याची पंचाईत सुरू होते. पावसाळा सरलेला असतो, कृष्णाकाठी पहाटे धुकं उतरतं, वाईच्या शिवारात हळद अजून हिरवी उभी असते. पळायला वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच, आणि ऊस वाहतुकीचा हंगामही नेमका हाच. एक हेडलाइट बंद, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर नाही आणि बाहेर हात-हातभर आलेली उसाची टोकं. असा ट्रॅक्टर जवळून जातो तेव्हा चाकापेक्षा त्या टोकांची भीती जास्त वाटते. ड्रायव्हरच्या टेपवर गाणं एवढ्या जोरात असतं की तुम्ही ओरडलात तरी त्याला पत्ता नसतो. साइडपट्टी कुठे खचलेली, कुठे मुळातच नाही. मग चरात उतरायचं आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबायचं.

या रस्त्यांवर पळणारे सगळेच काही माझ्यासारखे ढेरी कमी करायला निघालेले नसतात. बहुतेक भरतीची पोरं-पोरी असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. सैन्याची तयारी करणारे वेगळेच. गावात मैदान असलं तर ते शाळेचं आणि शाळेच्याच मापाचं. त्यामुळे पहाटे पाचला डांबरी रस्ता गाठण्यावाचून त्यांच्यापुढे इलाज नसतो.

रस्ते रुंद करा, अशी मागणी मी करणार नाही. वाई-सुरूर रस्त्यावरच्या जुन्या वडांकडे पाहिलं की रुंदीकरण हा शब्द तोंडातून काढायचं धाडस होत नाही. शिवाय रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढतो, पळणाऱ्याला काठ मिळतोच असं नाही. माझी मागणी आपल्याच खात्याच्या ताब्यातल्या जागेबद्दल आहे, आणि तिच्यासाठी एक गुंठाही संपादित करावा लागणार नाही.

धोम धरणाचे कालवे घ्या, कण्हेर धरणाचे घ्या, नाहीतर कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघणारा ब्रिटिशकालीन कृष्णा कालवा घ्या. पाणी उताराने वाहतं, पण कालव्याला तो उतार डोळ्याला न दिसेल इतका कमी ठेवलेला असतो. म्हणून कालवा डोंगराच्या कुशीतून समतल रेषेने वळणं घेत जातो. गाडीवाल्याला त्याचा काय उपयोग, ते मला माहीत नाही, पण पळणाऱ्याला मात्र अशी वाट मागून मिळत नाही. डोंगराच्या कडेने जाऊनही चढ नाही. पायाखाली मुरूम-माती, म्हणजे गुडघ्यांवर डांबराइतका मार नाही. खाली नदी आणि शिवार, वर डोंगर. भरतीच्या पोरांनी तर कालव्याच्या किलोमीटरच्या दगडांवरच आपला ट्रॅक आखलाय. एक किलोमीटर दगडाचा, पुढचे सहाशे मीटर टेपने मोजून बाभळीला बांधलेल्या लाल चिंधीपर्यंत. स्टॉपवॉच धरणारा त्या चिंधीपाशी उभा असतो.

अडचण कुठे आहे, तेही सांगतो. कालव्याला लागून असलेला सेवा रस्ता आज अनेक शेतांची एकमेव वाट आहे. ऊस तिथूनच बाहेर पडतो, खत तिथूनच आत जातं. तो रस्ता वाहनांना बंद करा म्हणणं म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणं, आणि पळणाऱ्यांपैकी निम्मे त्याच शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. म्हणून सेवा रस्ता आहे तसा राहू द्या. आम्हाला दुसरा काठ द्या.

जिथे कालवा डोंगर कापून गेला आहे तिथे वरच्या अंगाला काठच नसतो, हे मान्य. पण सपाटीला आणि भरावावर तो असतो. तीन-चार हात रुंदीची, ट्रॉली जाणार नाही अशी पट्टी. आज तिच्यावर वेडी बाभूळ आणि घाणेरी माजलीय, कुठे कालव्यातून काढलेल्या गाळाचे ढीग तसेच पडलेत, कुठे रात्रीच्या बैठकीच्या बाटल्या फुटलेल्या असतात. पावसाळ्यानंतर, रब्बीचं पहिलं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची पहिली पाळी, सुटण्याआधी, वर्षातून एकदा हा काठ साफ झाला तरी काम भागतं. झुडपांची मुळं भरावात शिरून गळती होते, हे आपले अभियंते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. म्हणजे ही सफाई खात्यालाही हवीच आहे.

सुरक्षेचा एक मुद्दा मात्र टाळता येणार नाही. सिमेंटचं अस्तरीकरण झालेल्या कालव्यात पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. बाजू तिरकी आणि शेवाळलेली असते, धरायला काही नसतं. ज्या टप्प्यात लोकांचा वावर आहे तिथे ठरावीक अंतरावर पायऱ्या किंवा लोखंडी कड्या बसवा. मोऱ्यांना आणि जलसेतूंना कठडे करा. पळणाऱ्यांचं सोडा, धुणं धुवायला येणाऱ्या बायांसाठी आणि पाण्यावर येणाऱ्या जनावरांसाठीही हे व्हायला हवं होतं.

आणखी एक. बऱ्याच ठिकाणी कालव्याचं पाणी शेतांपर्यंत नेणाऱ्या उघड्या चाऱ्या आणि वितरिका बुजवून बंदिस्त नलिका टाकल्या जात आहेत. पाण्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पाइप गाडल्यावर वरची पट्टी कुणाची, हे गावात कुणी विचारत नाही. दोन हंगामांत ती बांधाला मिळते. तिथे गावापासून गावापर्यंत पायवाट ठेवली तर जागाही राहील आणि पाइप फुटला तर जेसीबी न्यायची वाटही राहील.

काय नको, तेही सांगतो. पेव्हर ब्लॉक नकोत, रंगीत कमान नको, ओपन जिम नको. काँक्रीट तर मुळीच नको. मुलींना पहाटे एकट्याने पळायला भीती वाटते, हे खरं आहे, पण त्याचा उपाय दिव्यांच्या खांबांपेक्षा झुडपं कमी असण्यात आणि वाट वस्तीच्या नजरेत असण्यात आहे.

याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय बाई दिसली ती ३२ वर्षांनी. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, आणि त्या सकाळी यवतेश्वरचा घाट पळणाऱ्यांचा असतो. बाकीच्या सकाळी आम्ही ट्रॉल्यांच्या वाटेत असतो.

रब्बी हंगामाच्या नियोजनासाठी कालवा सल्लागार समितीची बैठक होईल. तिथे पाणी किती दिवस आणि कुणाला, यावरच घमासान होणार, आणि ते साहजिक आहे. त्यातली दहा मिनिटं या विषयाला द्यावीत. सगळा कालवा एकदम नको. प्रत्येक कालव्यावर गावांना लागून असलेला पाच किलोमीटरचा एक टप्पा निवडावा, दुसरा काठ साफ करावा, पायऱ्या बसवाव्यात आणि ‘पायी जाणाऱ्या-धावणाऱ्यांसाठी खुला’ असा साधा फलक खात्याच्या नावाने लावावा. आज आम्हाला तिथे कुणी हटकत नाही, पण उद्या कुणी हटकलं तर दाखवायला आमच्याकडे काही नाही. तो फलक तेवढ्यासाठी हवा. टप्पा कुठला घ्यावा हे ठरवायला शाखा अभियंत्यांनी एका पहाटे साडेपाचला यावं, लाल चिंधी बांधलेली बाभूळ पोरं दाखवतील.

आपला,
कृष्णाखोऱ्यातला एक पळणारा